मतपत्रिकेवरचे राष्ट्र

११ जुलै १९२०, रविवार. तेव्हाच्या पूर्व प्रशियातल्या आलेनश्टाइन परगण्यात त्या दिवशी मतदान झाले. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरला होता, सव्वाशे वर्षांनी पोलंड पुन्हा नकाशावर आला होता, आणि या परगण्याने कुठे जायचे ते तिथल्या माणसांनाच विचारावे असे व्हर्सायच्या तहात ठरले होते. इथले मासुरियन शेतकरी घरात पोलिशची एक बोली बोलत. चर्चमधली त्यांची स्तोत्रेही पोलिशच असत. फक्त पुस्तक छापलेले असे जर्मन वळणाच्या गॉथिक टायपात. भाषेवरून राष्ट्र ओळखणाऱ्यांच्या दृष्टीने निकाल सांगायला ज्योतिषाची गरज नव्हती. प्रत्यक्षात ३ लाख ६३ हजारांच्या आसपास मते जर्मनीकडे राहण्याच्या बाजूने पडली. पोलंडला ८ हजारही मिळाली नाहीत.

कारणे शोधली तर सापडतात. मासुरियन ल्युथरपंथी, पोलंड कॅथलिक. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी राजा पाहिला तो प्रशियाचा, सैन्यात नोकरी केली ती प्रशियाच्या. शिवाय त्याच जुलैत लाल सेना वॉर्साच्या दिशेने सरकत होती आणि नवा पोलंड वर्षभर तरी टिकेल की नाही याची कुणाला खात्री नव्हती. बुडत्या होडीत पाय ठेवायला कोण जाईल? आणखी एक गोष्ट मात्र निकालाच्या चर्चेत अनेकदा राहून जाते. मतदाराच्या हातातल्या चिठ्ठीवर ‘जर्मनी’ हा शब्दच नव्हता. पर्याय होते ‘पूर्व प्रशिया’ आणि ‘पोलंड’. एकीकडे आपला ओळखीचा मुलूख, दुसरीकडे एक परके राज्य. प्रश्न असा मांडला की उत्तर निम्मे मांडतानाच दिलेले असते.

पंचवीस वर्षांनी याच लोकांना कुणी काही विचारले नाही. १९४५ मध्ये सीमा सरकली, आलेनश्टाइनचे ओल्श्टिन झाले, आणि नव्या राज्यकर्त्यांनी मासुरियनांना सांगितले की तुम्ही मुळातले पोलिशच, मधल्या काळात जर्मनांनी तुम्हाला बाटवले. तशी ‘पडताळणी’ करून कागद देण्यात आले. पुढच्या तीन-चार दशकांत यांतले बहुतेक लोक सामानसुमान बांधून पश्चिम जर्मनीत निघून गेले.

राष्ट्र म्हणजे काय, या प्रश्नाची उत्तरे ग्रंथांत साधारणपणे दोन गठ्ठ्यांत बांधलेली आढळतात. एका गठ्ठ्यावर लिहिलेले असते ‘नागरी राष्ट्रवाद’. एका कायद्याखाली एकत्र राहायची ज्यांची इच्छा आहे ते सगळे मिळून राष्ट्र. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळी सिएयेसने मांडलेला विचार या कुळातला. दुसऱ्या गठ्ठ्यावर ‘वांशिक’ किंवा ‘सांस्कृतिक’ राष्ट्रवाद. भाषा, रक्त, पूर्वज, लोकगीते यांतून राष्ट्र आपोआप घडलेले असते. व्यक्ती त्यात जन्माला येते, प्रवेशअर्ज भरत नाही. हेर्डर आणि नेपोलियनच्या फौजांनी व्यापलेल्या बर्लिनमध्ये १८०७-०८ च्या हिवाळ्यात व्याख्याने देणारा फिश्टे हे या घराण्याचे मूळपुरुष. १९४४ मध्ये हान्स कोन यांनी ही विभागणी जवळजवळ भूगोलावरच बसवली : पश्चिमेचा राष्ट्रवाद पहिल्या जातीचा, पूर्वेचा दुसऱ्या. प्राग शहरात जन्मलेल्या आणि युरोपची राख पाहिलेल्या माणसाला असे वाटणे समजण्यासारखे आहे. पण ही विभागणी जितकी सुबक दिसते तितकी खरी नाही. ती तपासण्यासाठी ऱ्हाईन नदीच्या काठचे एकच शहर पुरेसे आहे.

ते शहर म्हणजे स्ट्रासबुर्ग. फ्रान्सचे राष्ट्रगीत इथे १७९२ मध्ये रचले गेले, आणि त्या वेळी या शहरातली सामान्य माणसे बोलत होती जर्मन बोली. यात कुणाला विसंगती वाटली नाही. खुद्द फ्रान्समध्येच फ्रेंच किती जणांना येत होती? १७९४ मध्ये आबे ग्रेग्वारने क्रांतिकारी संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात नीट फ्रेंच बोलणाऱ्यांचा आकडा सुमारे ३० लाख दिला होता. लोकसंख्या अडीच कोटींच्या वर. राष्ट्र आधी जाहीर झाले आणि त्याची भाषा नंतर शाळामास्तरांकरवी घरोघर पोचवण्यात आली. ब्रेतोन बोलणाऱ्या पोरांना शाळेत त्यासाठी शिक्षा होत.

१८७१ मध्ये फ्रान्सचा पराभव झाला आणि जर्मनीने अल्सेस आणि लोरेनचा काही भाग घेतला. इतिहासकार मोमसेन यांचे म्हणणे सरळ होते : अल्सेसची भाषा जर्मन, वंश जर्मन, म्हणून मुलूख जर्मन. त्यांना उत्तर दिले ते फ्यूस्तेल द कुलांज या दुसऱ्या इतिहासकाराने. स्ट्रासबुर्गमध्ये त्यांनी अध्यापन केले होते. त्यांच्या उत्तराचा आशय असा की भाषा आणि वंश हा भूतकाळ झाला. आज ही माणसे कुणाबरोबर राहू इच्छितात तेवढेच विचारा. जर्मनीने ते विचारले नाही. ज्यांना फ्रेंच नागरिक राहायचे असेल त्यांनी १ ऑक्टोबर १८७२ पर्यंत मुलूख सोडावा, एवढीच सवलत दिली. हजारो कुटुंबे गेली.

याच जखमेवरची खपली काढत एर्नेस्त रेनाँ ११ मार्च १८८२ रोजी सोर्बोनमध्ये उभे राहिले. ‘राष्ट्र म्हणजे काय?’ हे त्यांचे व्याख्यान आजही या विषयावरच्या प्रत्येक चर्चेत निघते. रेनाँ स्वतः ब्रिटनीचे, म्हणजे ब्रेतोन मुलखातले. त्यांनी एकेक निकष घेतला आणि बाजूला ठेवला. भाषा? मग स्वित्झर्लंड कसे उभे आहे, आणि इंग्लंड-अमेरिका वेगळे का? धर्म, वंश, व्यापारी हितसंबंध, डोंगर-नद्या, सगळे अपुरे. उरते ती एकत्र राहण्याची इच्छा, जिची तुलना त्यांनी रोज चालणाऱ्या सार्वमताशी केली. आणि सोबत एक अधिक अस्वस्थ करणारे विधान : राष्ट्र घडायला सामायिक स्मृती लागतात तसे सामायिक विस्मरणही लागते. १५७२ च्या धार्मिक कत्तलीत कोणी कोणाचे गळे कापले हे फ्रेंच माणसाने विसरलेलेच असले पाहिजे.

इथवर गोष्ट नागरी राष्ट्रवादाच्या बाजूने छान चालली आहे. पण हे रोजचे सार्वमत कोणासाठी होते ते पाहिले की रंग बदलतो. अल्सेस सोडून आलेल्यांसाठी फ्रेंच संसदेने जून १८७१ मध्ये एक लाख हेक्टर जमीन राखून ठेवली. कुठे? अल्जीरियात. त्याच वर्षी कबिलियातला उठाव चिरडून तिथल्या जमातींच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर जप्त झाल्या होत्या. अल्सेसच्या माणसाला विचारले नाही म्हणून हळहळणाऱ्या पॅरिसला अल्जीरियाच्या माणसाला विचारायचे सुचले नाही. रेनाँनाही नाही. ‘हलक्या’ वंशाच्या देशावर ‘श्रेष्ठ’ वंशाने राज्य करण्यात वावगे काही नाही, असे त्यांनी १८७१ मध्येच लिहून ठेवले होते.

पुढे १९१८ मध्ये फ्रेंच फौजा स्ट्रासबुर्गमध्ये परतल्या. आता सार्वमत घ्यायला काय हरकत होती? ते घेतले गेले नाही. रस्त्यावर लोकांनी केलेले स्वागत हेच मतदान, असे सांगितले गेले. त्याऐवजी ओळखपत्रे आली, चार प्रकारची. ‘अ’ पत्र ज्यांचे आईवडील जुन्या फ्रेंच मुलखातले त्यांना. ‘ब’ ज्यांच्या आईवडिलांपैकी एक परका त्यांना. ‘क’ मित्र किंवा तटस्थ देशांतून आलेल्यांच्या वंशजांना. आणि ‘ड’ जर्मन, ऑस्ट्रियन वगैरे शत्रूंना व त्यांच्या मुलांना, मग ती मुले स्ट्रासबुर्गमध्येच का जन्मलेली असेनात. लाखाच्या वर माणसे ऱ्हाईनपलीकडे गेली. कित्येकांना हातात मावेल तेवढेच सामान नेता आले. इच्छेवर राष्ट्र उभारणाऱ्या देशाने प्रत्यक्ष कारभारात आजोबा तपासले. याउलट रक्तावर राष्ट्र मोजणाऱ्या जर्मनीने १९२० मध्ये पोलिशभाषक मासुरियनांची मते आनंदाने मोजून घेतली. सिद्धान्त व्यासपीठावरून बोलले जातात. राष्ट्राची खरी व्याख्या मतदारयादी करणाऱ्या कारकुनाच्या टेबलावर होते.

मार्च १९२१ मध्ये वरच्या सायलेशियात झालेले सार्वमत या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. कोळशाच्या खाणी, पोलादाचे कारखाने, मिश्र लोकवस्ती. पोलंडच्या बाजूचा प्रचार सांभाळणाऱ्या व्होयचेख कोरफांटी यांनी जिंकल्यास गरीब कुटुंबांना गाय देण्याचे आश्वासन दिले आणि जर्मन व्यंगचित्रकारांना महिनोन्‌महिने पुरेल एवढा मजकूर मिळाला. खरा पेच होता मतदारयादीचा. तिथे जन्मलेला पण आता बाहेर राहणारा माणूस मतदार धरायचा का? धरावा, असा आग्रह पोलंडचा. हिशोब असा की ऱ्हूरच्या खाणींत गेलेले पोलिश मजूर येऊन पोलंडला मत देतील. आगगाड्या भरभरून जवळजवळ दोन लाख माणसे आली, आणि त्यांतल्या बहुसंख्यांनी जर्मनीला मत दिले. एकूण निकाल सुमारे साठ टक्के विरुद्ध चाळीस टक्के. पोलिश बोलणारे बहुसंख्य असलेल्या मुलखातला हा निकाल! शेवटी राष्ट्रसंघाने मुलूख वाटला आणि खाणी-कारखान्यांचा मोठा भाग पोलंडकडे गेला.

काही ठिकाणी तर प्रश्नच लोकांपर्यंत पोचत नाही. १९३१ च्या पोलिश जनगणनेत पोलेसी या दलदलीच्या प्रांतातल्या सात लाखांहून अधिक लोकांनी आपली भाषा सांगितली ‘इथली’. पोलिश नाही, युक्रेनियन नाही, बेलारूसी नाही. जनगणनेच्या कागदावर आजवर नोंदलेल्या उत्तरांपैकी इतके शहाणे उत्तर विरळाच.

रेनाँ मुंबईत पोचले ते डॉ. आंबेडकरांच्या अभ्यासिकेतून. १९४० च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ या ग्रंथात आंबेडकर रेनाँचा आधार घेतात, आणि घेतात तो नेमका विस्मरणाच्या मुद्द्यासाठी. हिंदू आणि मुसलमान यांच्यात भाषा, चालीरीती, वंश यांचे साम्य कितीही दाखवले तरी त्यांना एकमेकांविरुद्धच्या आठवणी विसरता आलेल्या नाहीत, कारण त्या आठवणी दोघांच्या धर्मभावनेत रुतलेल्या आहेत, असे त्यांचे निदान. पण तेवढ्यावर ते थांबत नाहीत. एखादा समाज राष्ट्र असेल तर त्याने वेगळे राज्य मागायलाच हवे का, असेही ते विचारतात, आणि कॅनडातले इंग्रज-फ्रेंच, स्वित्झर्लंडमधले तीन भाषिक समाज यांच्याकडे बोट दाखवतात. या ग्रंथातली एखाददुसरी ओळ उचलून त्यांना या किंवा त्या बाजूला उभे करण्याचा खेळ अजून चालू आहे. सबंध ग्रंथ वाचणाऱ्याला तो करवत नाही.

आंबेडकरांच्या आधी अर्धशतक जोतीराव फुल्यांनी हा प्रश्न आतून विचारला होता. १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांचे म्हणणे असे की शूद्र, अतिशूद्र, भिल्ल, कोळी या सगळ्यांना विद्या मिळून ते विचार करायला आणि एक व्हायला समर्थ होत नाहीत तोवर इथे ‘एकमय लोक’ नाहीत, आणि ते नाहीत तर राष्ट्रही नाही. त्याच काळात पुण्यात सार्वजनिक सभा होती. जानेवारी १८८१ च्या एकाच आठवड्यात निघालेली ‘मराठा’ आणि ‘केसरी’ ही पत्रे होती. एक इंग्रजीत साऱ्या हिंदुस्थानाशी बोलणारे, दुसरे मराठीत. बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८३ मध्ये छापील वर्तमानपत्र आणि राष्ट्रकल्पना यांचे नाते उलगडून दाखवले, तेव्हा पुण्याची ही जुळी पत्रे त्यांच्या उदाहरणांत नव्हती; असायला हवी होती. पण फुल्यांनी विचारलेला प्रश्न अँडरसनच्या मांडणीला पुरून उरतो. वर्तमानपत्र वाचून ‘आपण सगळे’ अशी भावना येते खरी, मात्र ज्याला वाचूच दिले नाही तो त्या ‘आपण’मध्ये कसा बसणार? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत आंबेडकरांनी हाच मुद्दा पुन्हा काढला : हजारो जातींत विभागलेले लोक स्वतःला राष्ट्र समजतात हा भ्रम आहे, आणि तो भ्रम जितक्या लवकर ओळखू तितके बरे.

दरम्यान उपखंडातही मतपत्रिका फिरल्या होत्या. जुलै १९४७ मध्ये आसामच्या सिल्हेट जिल्ह्यात सार्वमत झाले. २,३९,६१९ मते पूर्व बंगालमध्ये जाण्याच्या बाजूने, १,८४,०४१ आसाममध्ये राहण्याच्या. अंतर ५५ हजारांचे. चहाच्या मळ्यांतल्या मजुरांना ‘तरती वस्ती’ ठरवून यादीबाहेर ठेवले होते. त्यांची पिढी-दोन पिढ्यांची थडगी त्या मातीत होती. वायव्य सरहद्द प्रांतात पर्याय दोनच ठेवले, भारत किंवा पाकिस्तान. तिथल्या खुदाई खिदमतगार चळवळीने पठाणांचे स्वतंत्र राज्य हा तिसरा पर्याय मागितला, तो मिळाला नाही म्हणून बहिष्कार टाकला. पाकिस्तानला २,८९,२४४ मते पडली, भारताला २,८७४. आकडा एकतर्फी दिसतो. पण मतदान झाले ते निम्म्याच्याच आसपास.

महाराष्ट्राला सर्वांत जवळचे सार्वमत गोव्याचे, १६ जानेवारी १९६७ चे. तिथे राष्ट्राचा प्रश्न नव्हता. गोवा भारतात होताच. वाद होता तो महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, एवढ्यापुरता. पण सायलेशियात उठलेले सगळे प्रश्न इथेही उठले. निशाण्या होत्या विलीनीकरणाला फूल, केंद्रशासित प्रदेशाला दोन पाने. स्वतंत्र राज्य हा पर्याय चिठ्ठीवर नव्हता. गोव्याबाहेर, विशेषतः मुंबईत राहणाऱ्या गोवेकरांना मत द्यावे ही विलीनीकरणविरोधकांची मागणी फेटाळली गेली. म्हणजे सायलेशियात केले त्याच्या नेमके उलट. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकरांचे सरकार मतदान निःपक्ष व्हावे म्हणून आधी पायउतार झाले. विलीनीकरणविरोधकांचे नेते जॅक सिक्वेरा आणि त्यांचे कार्यकर्ते गावोगाव फिरले. ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिक मराठीतूनच विलीनीकरणाविरुद्ध लढले, आणि ही गोष्ट महाराष्ट्रातल्या पुष्कळांच्या अजून पचनी पडलेली नाही.

निकाल : केंद्रशासित प्रदेशासाठी १,७२,१९१, विलीनीकरणासाठी १,३८,१७०. फरक ३४,०२१. भाषा आणि धर्म यांच्या आधारे केलेले अंदाज चुकले, कारण मराठी वाचणारे, मराठी नाटके उभी करणारे, घरात ज्ञानेश्वरी असणारे कित्येक हिंदूही दोन पानांकडे गेले. महाराष्ट्रात गेलो तर आपण एका मोठ्या राज्याचा कोपऱ्यातला जिल्हा होऊ, ही धास्ती होती. खरी गंमत पुढे आहे. दोन-तीन महिन्यांतच विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरण हेच ज्याचे ध्येय त्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला गोवेकरांनी पुन्हा निवडून दिले. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. मतदार गोंधळलेला नव्हता. कूळकायदा, शाळा, बहुजनांचा मान यांसाठी त्याला भाऊसाहेब बांदोडकर हवे होते, आणि गोवाही हवा होता. एका चिठ्ठीवर एकच शिक्का मारायला लावले तर ही दोन उत्तरे एकमेकांविरुद्ध दिसतात. १९६७ मध्ये चिठ्ठीवर नसलेला पर्याय, पूर्ण राज्य, ३० मे १९८७ रोजी प्रत्यक्षात आला.

विसाव्या शतकातल्या या गोष्टी जुन्या झाल्या असे वाटत असेल तर स्कॉटलंडकडे पाहावे. १८ सप्टेंबर २०१४ रोजी स्वतंत्र देश व्हायचे का, असे तिथे विचारले गेले. मतदारयादीचा निकष जन्म किंवा पूर्वज नव्हता, वास्तव्य होता. वयाची अटही सोळापर्यंत खाली आणली होती. त्यामुळे स्वातंत्र्याचा आयुष्यभर पुरस्कार करणारे शॉन कॉनरी बहामात राहत म्हणून त्यांना मत नव्हते, आणि एडिनबरोत शिकायला गेलेल्या पुण्याच्या विद्यार्थ्याला, भारत राष्ट्रकुलात असल्याने, ते होते. सुमारे ८५ टक्के मतदान झाले. ५५ टक्क्यांनी ‘नाही’ म्हटले. पुढे जून २०१६ मध्ये ब्रिटनने युरोपीय संघात राहावे का यावर मतदान आले तेव्हा यादी वेगळ्या निकषाने केली गेली. त्याच एडिनबरोत वर्षानुवर्षे राहून कर भरणाऱ्या आणि २०१४ मध्ये स्कॉटलंडचे भवितव्य ठरवायला बोलावलेल्या पोलिश कामगाराला या वेळी यादीत जागा नव्हती. पुण्याचा विद्यार्थी अजून तिथेच असेल, तर त्याला मत देता येत होते.